पेठेतल्या शाळेचं छप्पर

पुण्याला मी याआधी दोनदाच गेलो होतो, आणि दोन्ही वेळा लग्नाला. स्टेशनवरून कार्यालय आणि कार्यालयातून स्टेशन, एवढंच माझं पुणं. यंदा मात्र पाच दिवस राहून आलो. हिंगणघाटला परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय काय पाहिलंत सर पुण्यात?" मी सांगतो, "सात कैच्या." लोकांना वाटतं म्हातारा थट्टा करतो. कौलारू छपराचा भार पेलणारी लाकडाची जी मोठी तिकोणी चौकट असते, तिला सुतारकामात कैची म्हणतात. मी खरोखरच तेवढ्याच पाहिल्या. सिंहगड नाही, सारसबाग नाही. तरी हा प्रवास लिहून ठेवावा असं वाटलं.

निवृत्त होईपर्यंत मी हिंगणघाटच्या तांत्रिक शाळेत सुतारकाम शिकवत होतो. तिथे एका वर्षी प्रज्ञा मेश्राम नावाची मुलगी वर्गात आली. मुलींनी शिवणकाम घ्यायचं अशी शाळेची रीत होती. ही सरळ रंधा उचलून उभी राहिली. पुढे ती वास्तुविशारद झाली आणि पुण्यात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करू लागली. दर शिक्षकदिनाला तिचा फोन येतो. यंदाचा फोन मात्र भलत्याच वेळी आला.

"सर, इथल्या एका जुन्या शाळेचं काम माझ्याकडं आहे. हॉलचं छप्पर कुजलंय, पाडून टाका, असं एका मोठ्या इंजिनिअरनं लिहून दिलंय. मी लिहून दिलंय की छप्पर वाचतं. रविवारी शाळेच्या कमिटीची मीटिंग आहे. तुम्ही एकदा येऊन लाकूड ऐकाल का?"

लाकूड ऐकणं हा आमच्या वर्गातला शब्द. मोगरीनं, म्हणजे लाकडी हातोड्यानं, ठोकलं की धडधाकट लाकूड एक आवाज देतं आणि पोखरलेलं दुसरा. मी तिकीट काढलं आणि जुनी मोगरी पिशवीत टाकली.

गुरुवार, बिबवेवाडी

प्रज्ञा आईबरोबर बिबवेवाडीत राहते. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली पिठाची गिरणी आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान. दारातून आत गेलं की समोर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली तिच्या नकाशांच्या गुंडाळ्या. तिच्या आईनं माझ्यासाठी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा केला होता. असा झणझणीत, की नाकातून पाणी आलं.

"घ्या ना जी सर, लाजता काऊन?" त्या म्हणाल्या. "इथल्या लोकायची आमटी गोड असते. दहा वर्सं झाली, माह्या जिभेले अजून सवय नाही झाली."

दुपारी मी एकटाच बुधवार पेठेत गेलो. छपरातल्या कोपऱ्यांसाठी चांगला टॉर्च हवा होता. आमच्याकडे पत्ता विचारला तर माणूस निम्म्या वाटेपर्यंत सोबत येतो आणि तुमच्या घरची चौकशीही करतो. इथे एकानं हात दाखवून "डावीकडे, मग विचारा" एवढंच सांगितलं आणि तो निघून गेला. पण डावीकडे वळल्यावर दुकान खरंच होतं.

"टॉर्च आहे का?"

"टॉर्चचंच दुकान आहे."

"चांगला आहे का?"

"वाईट वेगळे ठेवलेत. दाखवू?"

मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. तोही किंचित हसला, टॉर्च उघडून आतली स्प्रिंग दाखवली आणि घट्ट बसणारं झाकण असलेला दुसरा काढून दिला. पुण्यातली माणसं आधी टोचतात आणि मग मदत करतात, असं माझं त्या क्षणी मत झालं. पुढच्या चार दिवसांत ते फारसं बदललं नाही.

शुक्रवार, शाळा

शाळा जुन्या पेठेत, नदीपासून फार लांब नाही. दोन्ही बाजूंना दुकानं, वर फ्लॅट, आणि मध्येच ही काळ्या दगडाची इमारत. मी गेटाशीच थबकलो. दर्शनी बाजूला टोकदार कमानींची रांग. इंग्रजी अमदानीतल्या कचेऱ्यांना असतात तशा. कमानीचे दगड इतके नेटके घडवलेले की सांध्यात नख जात नव्हतं. पण मागच्या बाजूला गेलो तर सगळा थाट वेगळा: विटांची भिंत, चुन्याचा गिलावा, लाकडी खांबांची ओसरी. प्रज्ञानं सांगितलं की वर्गणी संपत आली तशी दगडाची वीट झाली असावी. पुढून साहेबाला दाखवायची आणि मागून आपल्याला परवडेल अशी. मला ती मागची बाजू जास्त आवडली.

हॉल वरच्या मजल्यावर. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. आत गेल्यावर मी मान वर केली ती बराच वेळ खाली आलीच नाही. सात मोठ्या सागवानी कैच्या एका ओळीत, त्यांच्यावर वासे, वर मंगलोरी कौलं. आमच्याकडे यांना कवेलू म्हणतात. हॉलच्या दोन्ही लांब बाजूंना भिंतीला धरून लाकडी गॅलरी आणि तिच्या कठड्यावर वेलबुट्टीचं कोरीवकाम. एकही वेल दुसरीसारखी नव्हती.

"ही गॅलरी बघा सर," प्रज्ञा म्हणाली. तिचा आवाज शाळेत असताना एखादा सांधा नीट बसला की व्हायचा तसा झाला होता. "हॉलमधलं सगळ्यात सुंदर काम. मी तिचे एकेक खांब मोजून काढलेत. छप्पर वाचलं की हीही वाचते."

तेवढ्यात मागून आवाज आला. "आपण वर्ध्याकडचे ना? इतक्या लांबून आलात आणि पाहायला आमचं छप्पर? शनिवारवाडा पाहायचात. तिथे छपराचा प्रश्नच मिटलेला आहे."

या करमरकर बाई. पंचाहत्तरीच्या, सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट. याच शाळेत शिकल्या, इथेच गणित शिकवलं आणि आता कमिटीवर आहेत. त्यांनी आम्हांला हॉलची हकीकत सांगितली. पानशेतच्या पुरात खालच्या वर्गांत पाणी होतं, तेव्हा आसपासची कुटुंबं या हॉलमध्ये राहायला आली. त्यांचंही कुटुंब त्यात होतं. "माझा अभ्यास बुडाला नाही एवढंच वाईट झालं," त्या म्हणाल्या. "शाळेतच राहत होतो ना."

मी गॅलरीत चढलो. प्रज्ञा भिंतीच्या कडेनं पुढे चालली होती, मी कठड्याच्या बाजूनं. कोरीवकाम जवळून पाहावं म्हणून एक पाऊल पुढं टाकलं आणि फळी मोडली. डावा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. मी कठडा धरला, तर तोही हलला.

"सर!" प्रज्ञा ओरडली.

खालून करमरकर बाईंचा शांत आवाज आला. "प्रज्ञा, तुझ्या सरांचा पाय आमच्याकडे आलाय. बाकीचे तिकडेच ठेव."

मला दोघांनी मिळून ओढून काढलं, प्रज्ञा आणि शाळेच्या शिपायानं. नडगी सोलली होती. करमरकर बाई स्वतः वर आल्या, जिन्यापर्यंतच. प्रथमोपचाराची पेटी तिथे उघडून त्यांनी जखम धुतली आणि पट्टी बांधली. बोलणं जितकं टोकदार तितकाच हात हलका.

पट्टी बांधून झाल्यावर मी मोडलेल्या फळीच्या भोकात टॉर्च घातला. फळी वरून गुळगुळीत होती, खालून जाळी. ज्या आडव्या दांड्यांवर फळ्या होत्या त्यांत टोच्या घातला तर मुठीपर्यंत गेला. उधई, इकडे वाळवी म्हणतात. दांडे कठड्याच्या बाजूला जिथे खांबांवर टेकले होते तिथे तर लाकूड उरलंच नव्हतं, फक्त रंग होता. मी जिन्याकडून सुरुवात करून दोन्ही बाजूंची गॅलरी खालून, शिडी लावून तपासली. दोन तास लागले. प्रज्ञा शिडी धरून उभी होती.

संध्याकाळी ती मला एका अमृततुल्यात घेऊन गेली. चहा समोर आला तेव्हा मी म्हणालो, "बेटा, गॅलरी राहत नाही."

"थोडी फळ्यांची दुरुस्ती..."

"फळ्यांचं नाही. खालचे दांडेच गेलेत. उद्या त्यावर वीस पोरं उभी राहिली तर खाली येतील."

तिनं कप बाजूला सारला. "मी भिंतीच्या बाजूनं ठोकून पाहिलं होतं सर. तिथं आवाज बरा होता. रिपोर्टमध्ये लिहिलंय, गॅलरी सुरक्षित. आता तेच चुकलं म्हटलं तर छपराचं माझं कोण ऐकणार? ते म्हणतील, हिला काय कळतं." मग हळूच म्हणाली, "रविवारी गॅलरीचं बोललंच पाहिजे का? छप्पर एकदा मंजूर होऊ द्या. मग काम करताना वाळवी सापडली म्हणता येईल."

मला तिचं म्हणणं पुरतं समजत होतं. गावाकडून येऊन, इथल्या लोकांत एकटीनं नाव मिळवायचं म्हणजे काय, ते मी तिच्या आईच्या तोंडून ऐकलं होतं. पण माझी नडगी ठणकत होती. माझ्या जागी एखादी पोर असती तर काय झालं असतं, हे डोळ्यांपुढून जात नव्हतं.

"मी तुला लाकडाचं खरं सांगायला आलो," मी म्हणालो. "मीटिंगमध्ये काय बोलायचं ते तूच ठरव. पण मला कोणी विचारलं तर मी पाहिलं तेच सांगीन."

तिनं मान हलवली. आम्ही स्कूटरवरून घरी आलो. जेवताना तिची आई दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती.

शनिवार, छपराखाली

सकाळी मला वाटलं होतं, ती म्हणेल, सर, तुम्ही आराम करा. पण ती दोन हेल्मेट घेऊन दारात उभी होती. "चला. छप्पर बघायचं राहिलंय."

हॉलमध्ये लोखंडी पाइपांची परांची उभी होती. या वयात तिच्यावर चढायला मला अर्धा तास लागला, आणि वर पोचल्यावर पाच मिनिटं मी नुसता एक पाइप धरून बसलो. मग डोळे अंधुक उजेडाला सरावले आणि मला त्या सुतारांचं काम दिसलं.

लाकडाच्या प्रत्येक सांध्याशी पटाशीनं आकडे खोदलेले होते. मराठी आकडे. पहिल्या कैचीच्या सगळ्या तुकड्यांवर १, दुसरीच्या सगळ्यांवर २. जमिनीवर कैच्या जुळवायच्या, खुणा करायच्या, सुट्या करून वर चढवायच्या आणि आकड्याला आकडा लावून पुन्हा जोडायच्या, ही जुनी पद्धत. मी पोरांना हेच शिकवत होतो. २ ची शेपटी खोदताना एका सुतारानं उगाच वळण दिलं होतं. मी त्यावरून बोट फिरवलं आणि त्या अनोळखी माणसाविषयी मला फार जवळीक वाटली.

मोगरी काढली. पहिली कैची खणखणीत. दुसरी, तिसरी, चौथी तशीच. पटाशीनं एक साल काढली तर सागाचा तेलकट वास आला, काल कापल्यासारखा. हा साग आमच्या चांद्याच्या जंगलातला असेल का, असं मनात आलं. पण ते लाकडाकडे पाहून खात्रीनं सांगता येत नाही, म्हणून मी ते कुणाला बोललो नाही.

पाचव्या कैचीपाशी मोगरी मारली आणि आवाज बसका आला. प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. "सर, इथंच. इंजिनिअरनी भोक पाडून नमुना घेतला तो याच तुकड्याचा. अहवाल त्यावरूनच आहे."

मी टॉर्च लावून भोकात पाहिलं. लाकूड फिकट, भुसभुशीत. वास नाही. मग सांध्याशी पाहिलं. आकडा नव्हता. पुसलेला नव्हे, खोदलेलाच नव्हता. मधल्या उभ्या दांड्यावरही नाही. बाकीच्या तुकड्यांवर मात्र ५ स्पष्ट.

"प्रज्ञा, हा साग नाही," मी म्हणालो. "हे दोन तुकडे मागाहून कोणी बसवलेत. हलकं लाकूड आहे. तेवढंच कुजलंय."

तिनं हात लावून पाहिलं, नखानं खरवडलं, वास घेतला. मग परांचीवरूनच खाली वाकून ओरडली, "करमरकर बाई! छप्पर कधी मोडलं होतं का?"

बाई खाली खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होत्या. "ओरडू नकोस, ऐकू येतं मला. मी नोकरीला लागले त्या सुमारास वादळात पिंपळाची फांदी पडली होती. गॅदरिंग तोंडावर होतं. दोन दिवसांत दुरुस्ती उरकली. का?"

प्रज्ञा फळीवर बसून हसायला लागली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. आम्ही उरलेल्या दोन कैच्या, भिंतीत रुतलेली सगळी टोकं, सगळं संध्याकाळपर्यंत तपासलं. दोन टोकं बोटभर मऊ निघाली. तीही तिनं वहीत लिहिली. गॅलरीचं नाव तिनं दिवसभरात काढलं नाही.

रविवार, मीटिंग

कमिटीची आठ माणसं हॉलमध्येच बाकांवर बसली. अध्यक्ष हे शांत, जाड चष्म्याचे गृहस्थ. मला एका कडेला खुर्ची दिली होती.

प्रज्ञानं कैच्यांचं सगळं नीट मांडलं: आकडे, भोक, फांदी. मंडळी वर माना करून पाहत होती. अध्यक्षांनी मला विचारलं, "आपलंही हेच मत?" मी हो म्हणालो. ते स्वतः माझ्यामागून परांचीवर चढले आणि मी ठोकत असताना एका कैचीला कान लावून उभे राहिले.

खाली येऊन ते म्हणाले, "छान. म्हणजे तुमच्या अहवालाप्रमाणे छप्पर, गॅलरी, सगळं वाचतं. तसाच ठराव करू या."

मी माझ्या गुडघ्यांकडे पाहत होतो. वर पाहिलं असतं तर तिला वाटलं असतं मी दटावतोय.

"नाही सर," प्रज्ञा म्हणाली. "गॅलरी वाचत नाही. ती मी चुकीची तपासली. भिंतीच्या बाजूनंच पाहिली. खालचे दांडे वाळवीनं संपलेत. माझ्या अहवालातलं ते पान रद्द समजा. गॅलरी उतरवावी लागेल, आणि लवकर."

एक सभासद लगेच पुढं सरसावले. "अहो, मग छपराचंही उद्या चूक निघालं तर? एक चूक झाली म्हणजे दुसरी असू शकते. आपण पाडायचंच ठरवलेलं बरं."

प्रज्ञाचा चेहरा उतरला. तिला ज्याची भीती होती तेच झालं होतं.

करमरकर बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "एक भोक पाडून सात कैच्या निकालात काढणारे आपल्याला चालले," त्या म्हणाल्या. "न विचारता स्वतःची चूक सांगणारी मुलगी मात्र चालत नाही. मी चाळीस वर्षं पेपर तपासले आहेत. असं उत्तर मला एकदाही मिळालं नाही."

अध्यक्ष हसले नाहीत, पण त्यांनी पेन उघडलं. छप्पर दुरुस्त करायचं, पाचव्या कैचीचे दोन तुकडे सागाचे घालायचे, गॅलरी उतरवायची, कठड्याचं कोरीवकाम जपून ठेवायचं. सगळं काम प्रज्ञाकडे. विरोध करणाऱ्या गृहस्थांनीही शेवटी सही केली, फक्त जरा उशिरा.

मंडळी गेल्यावर मी करमरकर बाईंना म्हणालो, "गॅलरीचं तुम्हांला वाईट वाटत असेल. लहानपणापासूनची ओळख."

"मला? मुळीच नाही," त्या म्हणाल्या. "समारंभाला बायकांना तिथेच बसवायचे. मला गणिताचं बक्षीस मिळालं तेव्हा माझी आई त्या कोपऱ्यातल्या खांबामागे होती. तिला माझा भांग तेवढा दिसला. घरी आल्यावर मला बक्षीस कसं घेतलं ते पुन्हा करून दाखवावं लागलं." मग त्या म्हणाल्या, "उतरवा लवकर."

सोमवार, निघण्याआधी

माझी गाडी संध्याकाळची होती. मोडक्या फळ्यांचा धोका नको म्हणून माझा पाय अडकला त्या बाजूची गॅलरी सकाळीच उतरवायला घेतली. चार सुतार होते. कठड्याचे तुकडे एकेक करून चादरीत गुंडाळून खाली आले. प्रज्ञा प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी बांधत होती. तिला हे जड जात होतं, आणि ती ते लपवत नव्हती.

साडेदहाच्या सुमारास मधल्या फळ्या निघाल्या. भिंतीत गॅलरीच्या पातळीला गोल खिडक्यांची एक रांग होती. इतकी वर्षं त्यांचा उजेड गॅलरीच्या फळ्यांवरच पडून राहत होता, म्हणून या हॉलमध्ये भर दुपारी दिवे लावावे लागत. फळ्या गेल्या आणि तो उजेड सरळ खाली, हॉलच्या फरशीच्या मध्यापर्यंत आला. सुतारही हातातलं काम थांबवून पाहू लागले. मधली सुट्टी झाली होती. दाराला लावलेल्या दोरीपलीकडे पाचवी-सहावीच्या मुली दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. त्यांना आत यायला बंदी होती.

प्रज्ञाच्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा तसाच राहिला. "सर, मी हा हॉल तीन महिने मोजला," ती म्हणाली. "हे मला कागदावर दिसलंच नाही."

करमरकर बाईंनी एक खुर्ची स्वतः ओढत नेली, हॉलच्या मधोमध ठेवली आणि मंचाकडे तोंड करून बसल्या. पाठ ताठ, हात मांडीवर. "इथून सगळं दिसतं," त्या म्हणाल्या.

मग प्रज्ञानं शिपायाला बटण दाखवलं, आणि त्यानं हॉलचे दिवे बंद केले.